रिकाम्या काट्यावरचे साडेसहाशे ग्रॅम

१४ मार्च, गुरुवार
दुकानातून, दुपारी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावोजींना नमस्कार. तुम्ही दोघं बरे आहात असं धरून चालतो. आम्हीही बरे आहोत. आई बरी आहे, म्हणजे डोळे सोडून. दुकान बरं चाललंय, म्हणजे लोकांचे वजनकाटे व्यवस्थित बिघडतायत.

पाकीट बघून दचकली असशील तर आधी श्वास घे, कुणाला काही झालेलं नाही. तुझ्याकडून परत येऊन सात आठवडे झाले आणि 'पोचलो' एवढ्या एका मेसेजवर मी तुमची बोळवण केली. फोन करायला हवा होता. पण फोनवर माझं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. 'बरं, ठेवतो मग' हे एकच वाक्य मी फोनवर न अडखळता म्हणतो. म्हणून पत्र.

तुझ्या सोफ्यावर मला घरच्या पलंगापेक्षा चांगली झोप लागली हे आधी सांगतो. समोरच्या शाळेची घंटा झाली की उठायचं, तू ठेवलेला चहा प्यायचा, आणि प्रशिक्षणाला जायचं. तीन दिवस असं कुणी माझं केलेलं नव्हतं बऱ्याच वर्षांत. प्रशिक्षणाचाही उपयोग झाला. इलेक्ट्रॉनिक काटे उघडायची आता भीती वाटत नाही. प्रमाणपत्र भागीदाराने काच लावून भिंतीवर टांगलंय, तेही तिरकं. काटे सरळ करणाऱ्या दुकानात ते तसंच लटकतंय आणि दिवसाला एक तरी गिऱ्हाईक बोट दाखवून हसून जातं. भागीदार म्हणतो, "राहू दे, तेवढंच लोकांना बोलायला."

तू दार उघडलंस तेव्हा माझी बॅग बघून म्हणालीस, "एवढीशीच? म्हणजे परवा पळणार." तेव्हा मी नुसता हसलो. प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीने काढलेलं विमानाचं तिकीट तसलं होतं. विमानाच्या पोटात सामान टाकायची परवानगी नाही, हातात एक बॅग, सात किलो. भागीदार दोनदा विमानाने गेलेला असल्यामुळे या विषयातला तज्ज्ञ. त्याने मला समोर बसवून शिकवलं, "जड बूट पायात घाल. स्वेटर अंगात. चार्जर, चष्मा, किल्ल्या खिशात. ते बॅगेचं वजन करतात, माणसाचं करत नाहीत."

मी म्हटलं, अरे, मला कुणी वजन शिकवायचं?

आदल्या दिवशी मी सगळं सामान दुकानातल्या काट्यावर एकेक करून तोललं. कागदावर यादी केली. बॅगच मुळी दोन किलोची. दाढीचा ब्रश साठ ग्रॅम. साबणाची वडी सुरीने कापून अर्धी घेतली. चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. भागीदार स्टुलावर बसून बघत होता. तो म्हणाला, "नखं पण काप. तेवढाच फरक." शेवटी बॅग भरली सहा किलो नऊशे पन्नास. पन्नास ग्रॅम मी मुद्दाम सोडले होते. आपल्या धंद्यात काठोकाठ कुणी भरत नाही.

पुढची गोष्ट तुम्हाला जेवताना सांगितलीच आहे. तपासणीच्या यंत्रात प्रशिक्षणासाठी घेतलेली माझी पितळी वजनांची पेटी काळीठिक्कर दिसली, तो साहेब एकेक वजन काढून टेबलावर मांडत गेला आणि म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "वजनं." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "सात किलोची परवानगी, आणि त्यात तुम्ही वजनं घेऊन चाललात?" भावोजींना ठसका लागला होता. तूही हसलीस, तुला इतकं हसताना मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं.

ती गोष्ट खरी आहे. पण त्याच्या अर्धा तास आधी बॅग तोलायच्या खिडकीवर जे झालं, ते मी सांगितलं नाही. ते लिहायलाच बसलो होतो.

गिऱ्हाईक आलंय. उद्या लिहितो.

१५ मार्च, शुक्रवार

ताई, काल गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि अर्धा तास एका काट्याची स्प्रिंग उगाच पुसत बसलो.

आज सरळ लिहितो. आईने तुझ्यासाठी कोट दिला होता.

हे वाक्य लिहायला मला सात आठवडे लागले. आता पुढचं लिहिता येईल.

तू गेलीस त्या दिवशी मी दारात उभा होतो, तुझी पिशवी हातात धरून. बाहेरच्या खोलीत अठरा जणींचे कपडे कापून पडले होते, लग्नसराई तोंडावर, आणि तू तयार कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला निघाली होतीस. आई मशीनवरून उठली नाही. म्हणाली, "तुझ्यासाठी या घरात पुन्हा सुई धरणार नाही." तू म्हणालीस, "धरूही नकोस." मग तू माझ्या हातातून पिशवी घेतलीस. अकरा वर्षं झाली. त्यानंतर तुमच्या दोघींमध्ये जे काय गेलं-आलं ते माझ्यामार्फत. 'घरी सगळे बरे का' असं तू विचारायचीस, आणि 'तिकडचं ठीक आहे ना' असं ती. दोघींनी एकमेकींना 'सगळे' आणि 'तिकडचं' करून टाकलं होतं.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता तिने ट्रंकेतून करड्या लोकरीचं कापड काढलं. मला वाटलं ऊन दाखवायला काढलंय. मग एकदा म्हणाली, "तुझ्या फोनवर तिचा फोटो आहे ना? दाखव." तू कारखान्याच्या फाटकात सगळ्यांबरोबर उभी आहेस, तो. म्हणाली, "मोठा कर." केला. "अजून." तिने फोन नाकाला लावला, खिडकीत नेला, तिरपा केला. ती म्हणाली, "डावा खांदा उतरलाय तिचा. दिवसभर उभ्याने माल तपासते वाटतं." आणि खडू घेऊन कापडावर वाकली. मापाची टेप गळ्यातच होती, तिने वापरली नाही.

चार महिने चाललं होतं ते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याने थोडं दिसतं तेवढंच. सकाळी दहा ते बारा खिडकीत ऊन असतं, तेवढ्या वेळात बसायची. सुईत दोरा मी ओवून द्यायचो. सकाळी दुकानात जाण्याआधी बारा सुया ओवून उशीत टोचून जायचो, तिला तेवढ्या वेळाला पुरायच्या. कुणासाठी शिवतेस हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आमच्या घरात बोलण्यापेक्षा न विचारण्यालाच जास्त जागा लागते.

माझा स्वतःचा कोट तू बघितलास ना? अस्तर फाटून बाहीतून लोंबतं ते? तू विचारलंसही, "आई करून देत नाही का?" मी तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ती म्हणाली, "आता दिसत नाही रे." मी म्हटलं ठीक आहे. खरंच दिसत नव्हतं. पण मग त्याच डोळ्यांनी ती तुझी कॉलर तीनदा उसवून तीनदा बसवताना मी बघितली.

मी निघायच्या दोन दिवस आधी तिने कोट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पलंगावर ठेवला. म्हणाली, "जातोच आहेस तर ने." मी उघडून बघितला. बाहीच्या टोकांना पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके होते. दोन्ही बाह्या तिने दीड इंच जास्त ठेवल्या होत्या. बाकी कोट पुरा, बटणं लावलेली, अस्तर आतून हाताने शिवलेलं. फक्त बाह्या कच्च्या.

तुला समजावायला नको. शिंपिणीच्या घरातला माणूस, मलाही समजलं. अंगावर घालून बघितल्याशिवाय बाही पक्की करायची नाही हा तिचा नियम. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ट्रायलला यावंच लागे. तोंडाने 'ये' म्हणणं तिला जमलं नाही, म्हणून तिने बाह्या कच्च्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी तो कोट बॅगेत घालूनच वजन केलं होतं. सहा किलो नऊशे पन्नास, कोट धरून. हे काल लिहिलेल्या यादीत मी गाळलं.

आता खिडकीवरचं सांगतो. रांगेत लोक एकावर एक कपडे घालून घामाघूम उभे. माझ्या पुढच्या बाईने पोराला तीन स्वेटर घातले होते आणि ते पोर हात खाली करू शकत नव्हतं. माझा नंबर आला. बॅग ठेवण्याआधी, सवयीने, मी काट्याकडे बघितलं. काटा रिकामा होता आणि आकडा दाखवत होता साडेसहाशे ग्रॅम. कुणीतरी सकाळपासून तो शून्यावर आणलाच नव्हता. माझ्या पुढे गेलेल्या प्रत्येकाला त्याने साडेसहाशे ग्रॅम जास्त दाखवले असणार.

मी बॅग ठेवली. सात किलो सहाशे.

खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, सहाशे ग्रॅम जास्त आहे. काहीतरी काढा."

ताई, मला एक वाक्य बोलायचं होतं. 'बाई, आधी काटा शून्यावर आण.' बटण तिच्या हाताशी होतं. पटलं नसतं तर बॅगेत पितळेची प्रमाण वजनं होती, सरकारी शिक्क्याची. मी अख्ख्या बाजाराशी दहा-दहा ग्रॅमसाठी भांडलेला माणूस. भाजीवाल्याचा काटा जरा हलका दिसला तर मी घरी जाऊ शकत नाही, तू मला यावरून किती चिडवायचीस. आणि तिथे मी मूग गिळून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा खोटा काटा मला सोयीचा वाटला.

मी कोट काढला. मुलगी चांगली होती. ती म्हणाली, "अहो घाला की अंगात. सगळे घालतात." मी म्हटलं, "बायकांचा आहे." ती म्हणाली, "कोण बघतंय काका?" मागचा माणूसही म्हणाला, हातावर घ्या, हातावरचं धरत नाहीत. म्हणजे बघ, रांगेतली परकी माणसं तुझा कोट तुझ्यापर्यंत पोचवायला धडपडत होती. मी त्यांना "नको, नको" म्हणत रांगेतून बाहेर आलो. भागीदार मला सोडायला आला होता, अजून गाडीत बसून चहा पीत होता. काचेतून कोट त्याच्या मांडीवर टाकला आणि म्हटलं, "दुकानात ठेव. वजनात बसत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. आदल्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत वजन केलेलं होतं. मग चहाचा कप बाजूला ठेवून त्याने कोटाची नीट घडी घातली. 

विमानात दीड तास मी स्वतःला समजावत होतो की परत आल्यावर पार्सल करू. तुझ्या दारात उभा राहीपर्यंत ते मला पटलंही होतं. मग तू माझ्या हातातून बॅग घेतलीस, हाताने जरा तोललीस, आणि विचारलंस, "आईने काही दिलं नाही?" मी म्हटलं, "सातच किलो नेता येतं गं." तू "हो, ते आहेच" म्हणालीस आणि बॅग आत नेलीस.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी तू मला माफ केलं असतंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या शर्टाला इस्त्री करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "माझं कधी काही निघतं का रे घरात?" आणि मी म्हटलं, "नाही ताई. तुझा विषय निघत नाही."

तू तीच बाही परत एकदा इस्त्री केलीस. ती आधीच झालेली होती.

का केलं ते मी तेव्हापासून शोधतोय. आधी वाटायचं मत्सर, तो तर होताच. अकरा वर्षं मी तिच्या डोळ्यांत थेंब घालतोय, सुया ओवतोय, तिला डॉक्टरकडे नेतोय, आणि तिने सुई धरली ती तुझ्यासाठी. तुला आठवतं का, तू मला लहानपणी पासंग म्हणायचीस? तराजूची पारडी सारखी करायला एका बाजूला खडा बांधतात तो. तुम्ही दोघी कापायला बसलात की मी कडेला बसून दोरे गोळा करायचो, म्हणून. मला ते आवडायचं, खोटं का बोलू. मला तुमच्यात बसायला मिळायचं. पण तू गेल्यावर मी पहिल्यांदा त्या घरात एकटा आईचा झालो. ती पांढरी टीप बघितली आणि मला पुढचं सगळं दिसलं. तू येणार. तुम्ही दोघी खिडकीत बसणार, एकमेकींचे धागे तोडणार, आणि मी परत दोरे गोळा करणार. पंचेचाळिसाव्या वर्षी मला याची भीती वाटली. लिहिताना लाज वाटते, पण खरं हेच आहे.

आता आईचं सांगतो, कारण ते सगळ्यात वाईट आहे.

मी घरी आलो, बॅग अजून खांद्यावर होती. ती मशीनजवळच्या खुर्चीत बसली होती, दाराकडे तोंड करून. तिने विचारलं, "बसला?" मी म्हटलं, "एकदम. जसं काही माप घेऊन शिवलाय." "खांद्यात?" "खांद्यात पण." "आणि बाह्या?" मी जोरात होतो, म्हटलं, "बाह्या तर अगदी बरोबर. मनगटावर येऊन थांबल्या."

तिने नुसती मान हलवली. मला वाटलं खूष झाली. मी हातपाय धुवायला गेलो. परत आलो तेव्हा ती म्हणाली, "मग तिकडेच कुणाकडून तरी करून घेतल्या असतील. कारखान्यात काय, शिवणारे ढीगभर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय बोलून बसलो. दीड इंच लांब कच्ची बाही मनगटावर थांबते कशी? एक तर कोट तिथे गेलाच नाही, नाहीतर तू दुसऱ्या कुणाकडून ती पक्की करून घेतलीस. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. तिने दुसरं धरलं. म्हणजे तू तिचं बोलावणं वाचलंस, समजलीस, आणि परक्या शिंप्याकडून दोन टाके घालून घेतलेस. मी तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "असेल."

त्या दिवसापासून तिने सुया ओवायला सांगितलं नाही. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख चार मार्चची मिळाली होती. ती तिनेच हट्टाने घेतली होती, म्हणाली होती, "बाह्या करायच्या तर धड दिसायला हवं." दोन तारखेला म्हणाली, "राहू दे. कामापुरतं दिसतं." डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू आणखी पिकू दिला तर अवघड जाईल. मी समजावलं, चिडलो, हातापाया पडलो. ती म्हणते, "बघायचं काय राहिलंय?"

कोट दुकानात आहे, वरच्या फळीवर, जुन्या तराजूंच्या शेजारी. भागीदाराने त्याच्यावर प्लास्टिक घातलंय. एका गिऱ्हाइकाने किंमत विचारली तेव्हा तो म्हणाला, "विकायचा नाही. दुरुस्तीला आलाय, मालक वेळ काढत नाही." मालक म्हणजे मी, हे त्याने माझ्याकडे बघून सांगितलं.

हे पत्र आजच टाकणार होतो. पण एक गोष्ट राहिली आहे. तुला सगळं कळवायचं आणि आईला अंधारात ठेवायचं, म्हणजे तुला परत माझ्याच बाजूला ओढल्यासारखं होईल. आधी तिला सांगतो. मग पाकीट बंद करतो.

१७ मार्च, रविवार
घरून

काल नाही जमलं. आज सकाळी दुकान उघडून कोट घेऊन आलो.

आई खुर्चीत होती. मी कोट तिच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "काय हे?" आणि हात लावला. तिला बघावं लागलं नाही. बोटं कॉलरवरून खांद्यावर, खांद्यावरून बाहीने खाली गेली आणि टोकाशी थांबली. एक पांढरा टाका नखाने उचलून बघितला. मग दुसऱ्या बाहीचा.

म्हणाली, "टीप तशीच आहे."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काटा, खिडकीवरची मुलगी, भागीदाराची गाडी, सगळं. तुझ्या इस्त्रीचंही सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती टीप बोटाने चाचपत राहिली.

मग म्हणाली, "तिने विचारलं होतं काही?"

मी म्हटलं, "हो. दारातच."

"काय विचारलं? तिचे शब्द सांग."

"'आईने काही दिलं नाही?'"

"आई म्हणाली?"

"हो."

"तुझ्या मनचं सांगू नकोस. 'घरून काही दिलं नाही' असं म्हणाली असेल."

"नाही आई. 'आईने' म्हणाली."

तिने कोट उचलून तोंडावर धरला. मी तिला अकरा वर्षांत रडताना बघितलं नव्हतं, तू गेलीस त्या दिवशीही नाही. मी जवळ गेलो तर तिने हाताने लांब राहायला सांगितलं.

नंतर तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर. जी लवकरची तारीख असेल ती घे." मी लगेच केला. नवी तारीख आठ एप्रिल आहे. कोट पार्सलने पाठवायचा नाही असं तिने बजावलंय. का, ते तिने सांगितलं नाही. तुला विचारायची गरज पडणार नाही.

माझ्याशी ती तेवढंच बोलली. दुपारी डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली. मी बाटली घेऊन गेलो, रोजच्यासारखा. तिने माझ्या हातातून बाटली काढून घेतली, मान वर केली आणि स्वतःच घालायला लागली. पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावरून गळ्यापर्यंत गेला. तिसरा कुठेतरी डोळ्यात गेला असावा. मी शेजारी उभा होतो. जागा जाऊ नये म्हणून मी हे सगळं केलं होतं, ताई, आणि आज ती जागाच गेली.

पत्र उद्या टाकतो, गुरुवार-शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. रविवारी सकाळी दहा वाजता आई तुला फोन करणार आहे. नंबर मी लावून देईन, बोलेल ती. काय बोलणार ते मला माहीत नाही, तिलाही माहीत नसावं. सकाळपासून दोनदा तिने विचारलंय, तिथे दहाला ती उठलेली असते ना?

उचलायचा की नाही ते तुझं तू ठरव. मी गळ घालणार नाही, तो अधिकार मला उरलेला नाही. पण एक कबूल करतो. तू नाही उचललास, तर 'लागत नाहीये', 'बाहेर गेली असेल' असलं काही मी आईला सांगणार नाही. घंटा पूर्ण वाजली आणि ताईने उचलला नाही, असंच सांगेन. आणि तो माझ्यामुळे उचलला नाही, हेही सांगेन.

क्षमा आत्ता मागत नाही. ती आधी आईकडे मागायची आहे, आणि तिने अजून माझ्याकडे मान वळवलेली नाही.

तुझा भाऊ